गुच्छाखालचा हात

माझ्या मावशीने बत्तीस वर्षं लोकांना श्वास रोखायला लावला. गैरसमज नको, ती दिसायला साधारण आहे. एका मोठ्या इस्पितळात ती एक्स-रे काढायची. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." एवढ्या तीन वाक्यांवर तिने अख्खी नोकरी काढली. चौथं वाक्य तिने फक्त एकदा उच्चारलं, आणि ते बोलायला हवं होतं की नको होतं यावरून आमच्या घरात अकरा वर्षं दोन तट होते. एका तटात मावशी, दुसऱ्यात माझी आई, म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. मधल्या खंदकात मी.

मावशीची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली होती. दारावर लाल दिवा, आत एक लांबट टेबल, भिंतीला फिल्म बघायची प्रकाशपेटी, आणि खुंटीवर शिशाचा एप्रन. तो घालून ती चालायला लागली की कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटायचं. पुढे संगणक आला, फिल्म गेली, ती धुवायची अंधारी खोली भंगार ठेवायला वापरली जाऊ लागली. मावशीची एक सवय मात्र गेली नाही. हातात येईल ती वस्तू ती उजेडासमोर धरून बघायची. दुधाचा पेला, नव्या चादरीचा कोपरा, माझं प्रगतिपुस्तक. लग्नासाठी आलेले दोन-तीन फोटोही तिने म्हणे असेच धरून पाहिले आणि परत केले. "चांगले होते गं," ती मला म्हणाली, "पण आत काही दिसलं नाही."

निवृत्तीच्या समारंभात मोठे डॉक्टर बोलले की यांनी आपल्या हसतमुख स्वभावाने रुग्णांची मनं जिंकली. मावशी तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "मी कामावर कधी हसले नाही. आपण हसलो की समोरचा हसतो, तो हलतो आणि फिल्म वाया जाते." टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवसापासून तिला वेळच वेळ झाला, आणि तिचा वेळ म्हणजे माझा फोन. मी फोटोंची पुस्तकं छापणाऱ्या दुकानात काम करते. लोक आपल्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे क्षण माझ्याकडे पाठवतात आणि मी त्यांच्या कडा कापते. रंग नीट उतरलाय का पाहायचं, पानं जुळवायची, पाठीला डिंक लावायचा. हे सगळं दोन्ही हातांनी करायचं काम आहे, त्यामुळे फोन खांद्यात धरून मी मावशीचं ऐकायचे. शेजाऱ्याने नळ कसा चुकीचा बसवला. बातम्या सांगणाऱ्या बाईचा डावा खांदा कसा उतरलेला आहे. शेवटी, अगदी सहज, "तुझी आई कशी आहे?"

आई माझ्याकडेच राहते. संध्याकाळी घरी गेले की तीही, अगदी सहज, "काही फोन वगैरे?" असं विचारायची. मी "हो" म्हणायचे. "बरी आहे ना?" "बरी आहे." एवढं झालं की ती पोळपाट उगाचच दोनदा धुवायची. मी दोघींमधली टपालवाली होते, आणि टपालात दोन्हीकडून रोज एकच मजकूर असायचा.

भांडण असं झालं होतं. आजोबांना, म्हणजे या दोघींच्या वडिलांना, खोकला झाला. ओळखीची खोली म्हणून त्यांना मावशीकडेच नेलं. तिने स्वतःच्या बापाला टेबलापुढे उभं केलं आणि म्हणाली, "श्वास घ्या, बाबा. धरून ठेवा." फिल्म प्रकाशपेटीवर लावली तेव्हा डॉक्टरांच्या आधी तिला दिसलं. डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून सांगितलं. मग आईच्या अध्यक्षतेखाली सगळ्या नातेवाइकांची बैठक झाली आणि एकमताने ठरलं की आजोबांना सांगायचं नाही. मावशीने ना हो म्हटलं ना नाही. चार दिवसांनी आजोबा तिच्या घरी गेले, खुर्चीत बसले आणि विचारलं, "काय दिसलं गं?" मावशीने सांगितलं. हेच ते चौथं वाक्य.

आजोबा पुढे चार महिने होते. त्या चार महिन्यांत त्यांनी कपाट आवरलं, वाचनालयाची पुस्तकं परत केली, चांगले बूट होते ते पायाचं माप विचारून एकाला दिले आणि ज्या शेजाऱ्याशी वीस वर्षं अबोला होता त्याच्याकडे जाऊन चहा पिऊन आले. आईचं म्हणणं, माणसाला कळलं नसतं तर तो अजून वर्षभर जगला असता. "तू त्यांचा धीर खाल्लास," ती मावशीला सगळ्यांदेखत म्हणाली. मावशी म्हणाली, "डाग मी घातला नव्हता, ताई. मी फक्त सांगितला." ही दोघींमधली शेवटची वाक्यं. त्यानंतर मी.

तर अशा या मावशीला काहीतरी उद्योग द्यावा म्हणून मी तिला एका गटात घातलं. गटाचं नाव 'आठवणींची पानं'. साडेतीनशे बायका, चार-पाच पुरुष. हे लोक घरातले फोटो संगणकावर घेतात आणि त्याभोवती चित्रातले कागद, चित्रातल्या रिबिनी, चित्रातली बटणं, चित्रातले टाके लावून सजवलेली चौकोनी पानं तयार करतात. पूर्वी हे कात्रीने आणि गोंदाने व्हायचं. आता गोंद नाही, त्यामुळे कुठे थांबायचं तेही कळत नाही. पान झालं की गटात टाकायचं. शिवाय आपण बनवलेले कागद आणि रिबिनी इतरांना फुकट वापरायला द्यायच्या. ते उतरवून घ्यायचे, वापरायचे आणि खाली मूळ बनवणारीचं नाव लिहायचं. आमच्या दुकानात यातली बरीच पानं छापायला येतात, म्हणून मला तो गट ठाऊक होता. त्याच कारणाने चार महिन्यांपूर्वी मी आईलाही त्यातच घातलं होतं. यामागे दोन बहिणींना एकत्र आणण्याचा उदात्त हेतू वगैरे नव्हता. मला दुसरा गट माहीत नव्हता.

गटात सगळ्यांची टोपणनावं. आई 'पिवळा गुलाब' झाली. मावशीला मी सांगितलं, तुला आवडेल ते नाव घे. तिला आयुष्यात सगळ्यात शांत वाटलेली जागा आठवली आणि तिने लिहिलं, 'अंधारी खोली'. पहिल्याच दिवशी तिला सतरा बायकांचे खाजगी निरोप आले. ताई, एकट्या समजू नका. ताई, हेही दिवस जातील. एकीने तर समुपदेशकाचा नंबर पाठवला. मावशीने मला विचारलं, "या सगळ्यांना झालंय तरी काय?"

गटाची प्रमुख 'फुलपाखरू'. खऱ्या आयुष्यात ती एका शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि हे तिच्या नियमांवरून कळायचं. नियम तेरा होते. त्यातला पहिलाच, "टीका नको, कौतुक हवं." लोक तो मनापासून पाळत. कुठलंही पान आलं की खाली "अप्रतिम", "डोळे पाणावले", "हात बघू तुमचे". एक बाई रोज सकाळी वीस-बावीस पानांखाली "निःशब्द" असं लिहायची. इतकी बोलकी निःशब्द बाई मी दुसरी पाहिली नाही.

मावशीने आधी महिनाभर सामान बनवलं. खरा कागद फाडायचा, त्याची फाटलेली कड स्कॅनरच्या यंत्रावर ठेवून चित्र घ्यायचं, मागचं पांढरं पुसून काढायचं. कागद फाडण्यातही तिची शिस्त होती: ओला करून, कोरडा, तंतूंच्या दिशेने, तंतूंच्या आडवा. आईच्या आईची बटणांची डबी तिच्याकडे होती. त्यातली एकशे चाळीस बटणं तिने एकेक करून घेतली. हाडाचं बटण कुठलं आणि प्लास्टिकचं कुठलं हे पडद्यावरही ओळखू यायचं. गटात तिचे फाटके कागद हां हां म्हणता सगळ्यांच्या पानांवर दिसायला लागले. लोक म्हणाले, अंधाऱ्या खोलीत हिरे निघाले. तिथेच ती थांबली असती तर तिचा पुतळा उभारला असता.

पण मावशी अभिप्राय द्यायला लागली.

एका बाईने नातवाच्या पहिल्या पावलाचं पान टाकलं. खाली चाळीस "अप्रतिम". एक्केचाळिसावा अभिप्राय 'अंधारी खोली'चा: "रिबिनीची सावली डावीकडे पडली आहे, बटणाची उजवीकडे. तुमच्या घरात दोन सूर्य आहेत का?" दुसरीने आपल्या लग्नाचा फोटो जुना दिसावा म्हणून पिवळट केला होता. मावशी: "पिवळेपणा सारखा नाही. नवऱ्याला कावीळ वाटते, तुम्हाला नाही." तिसरीच्या पानावर आरशातल्यासारखा उलटा फोटो होता. मावशी: "हृदय उजवीकडे गेलं आहे."

मी तिला फोन करून म्हटलं, "अगं, लोक दुखावतात."

"मी विचारल्याशिवाय काही बोलत नाही," ती म्हणाली.

"तुला कोण विचारतं?"

"प्रत्येक पानाखाली लिहिलंय ना, 'आपला अभिप्राय लिहा' म्हणून. मी आपण होऊन कुठे गेले?"

यावर मी निःशब्द.

फुलपाखराने तिला अत्यंत गोड शब्दांत निरोप पाठवला की आपण सगळ्या इथे आनंद वेचायला येतो, तेव्हा आपली ऊर्जा सकारात्मक ठेवावी. मावशीने उत्तर दिलं, "ठीक आहे. सावली मात्र एकाच बाजूला ठेवावी." गंमत म्हणजे, वरवर सगळ्या तिच्यावर नाराज होत्या आणि आतून घाबरून होत्या, पण त्या महिन्यात गटातल्या सावल्या एका बाजूला पडायला लागल्या. 'निःशब्द' बाईने तर पान टाकण्याआधी तिला गुपचूप दाखवायला सुरुवात केली.

आईला 'अंधारी खोली' कोण हे माहीत नव्हतं. मावशीला 'पिवळा गुलाब' कोण हे माहीत नव्हतं. मला दोन्ही माहीत होतं आणि माझी भूक कमी झाली होती.

मग आईचं पान आलं. नाव 'माझं माहेर'. फिकट निळा कागद, कडेला पांढरे टाके, मध्ये एक जुना फोटो: खुर्चीत आजोबा, शेजारच्या खुर्चीत आजी, पुढे स्टुलावर बारा-तेरा वर्षांची आई, दोन वेण्या, ताठ मान. आईच्या मागे गुलाबी फुलांचा एक भला मोठा गुच्छ, माणसाच्या उंचीचा. पान खरंच देखणं होतं. शंभराच्या वर अभिप्राय आले. फुलपाखराने त्याला 'महिन्याचं पान' जाहीर केलं आणि लिहिलं, "किती संयत! किती समतोल!"

मला तो फोटो पाठ होता. त्यात गुच्छ नव्हता. गुच्छाच्या जागी मावशी होती.

दुपारी मावशीचा फोन आला. नळ नाही, बातम्या नाहीत. "पिवळा गुलाब म्हणजे ताई आहे?" तिने विचारलं.

"हो."

"गटात मला तू घातलंस, तिलाही तूच घातलंस?"

"हो, पण..."

"बरं." फोन बंद.

मी पुस्तकाच्या पाठीला डिंक लावत होते, तो पुस्तकाऐवजी बाहीला लागला. पाच मिनिटांनी धीर करून गट उघडला. महिन्याच्या पानाखाली, "संयत" आणि "समतोल" यांच्या खाली, मावशीचा अभिप्राय होता:

"मुलीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहिली आहेत. गुच्छाला हात नसतो. तो हात माझा आहे."

मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच. आईने मावशीचं डोकं, फ्रॉक, पाय सगळं फुलांनी झाकलं होतं, पण खांद्यावर ठेवलेला हात विसरली होती. आईच्या फ्रॉकवर चार छोटी बोटं, घट्ट धरलेली.

गटात हलकल्लोळ झाला. अर्ध्या बायकांना वाटलं भुताटकी आहे. एकीने आपल्या सगळ्या जुन्या फोटोंतले खांदे तपासले आणि तिच्या सासऱ्यांच्या पाठीमागे काहीतरी दिसतंय म्हणून त्या चित्राला लाल गोल करून टाकलं. (तो पडद्याचा गोंडा होता.) निःशब्द बाईने प्रथमच चार ओळी लिहिल्या.

संध्याकाळी घरात शिरले तर आई दारातच.

"तू तिला गटात घातलंस?"

"हो."

"मला न सांगता?"

"तू मला न सांगता तिचा गुच्छ केलास."

 आईने चष्मा पुसला, आणि माझ्यासमोर, एका बोटाने एकेक अक्षर दाबत, उत्तर लिहिलं: "काही हात शोभेसाठी ठेवावे लागतात." आपल्या हजरजबाबीपणावर ती इतकी खूश झाली की त्या दिवशी तिने दोन वेळा चहा केला.

मावशीने प्रत्युत्तर दिलं नाही. तिने सामान दिलं. त्याच मूळ फोटोची प्रत तिच्याकडेही होती. तिने ती यंत्रावर घेतली, सुरकुत्या काढल्या, ओरखडे भरले, आठवडाभर खपून आजीच्या साडीची वीणसुद्धा दिसेल इतकी स्वच्छ केली. फोटोत चौघं होती. स्टुलामागे आठ वर्षांची मावशी, पुढचे दोन दात नसलेली, बहिणीचा खांदा असा धरलेला की जणू सोडला तर स्टूल उडून जाईल. हे सगळं तिने गटात ठेवलं. खाली लिहिलं: "एक कुटुंब. पूर्ण. कुणीही वापरावं, श्रेय नको."

तिला वाटलं, झालं, सगळ्यांना कळेल. तिला गट अजून कळला नव्हता.

फुलपाखराने यात संधी पाहिली. मुख्याध्यापिकाच ती, भांडण दिसलं की स्पर्धा घ्यायची. तिने जाहीर केलं: "या महिन्याचं आव्हान! 'अंधारी खोली' यांनी प्रेमाने दिलेला एक फोटो, आपले शंभर रंग! चला, द्वेष विसरून सजवूया!" आणि साडेतीनशे बायका आजोबांवर तुटून पडल्या.

मी दुकानात बसून एकेक पान येताना पाहत होते. एकीने आजोबांना मुकुट घातला. एकीने त्यांच्या पाठीला पंख लावले, आणि शेजारी बसलेल्या आजीला नाही. ती जिवंत समजावी की कसं, कळेना. एकीने दोघांना नवं लग्न झालेलं जोडपं ठरवून वर लिहिलं, 'नवी सुरुवात', आणि मुलींना कबुतरांमागे दडवलं. एकीने आई आणि मावशीला जुळं केलं. एका पुरुष सभासदाने संगणकाकडून रंग भरून घेतले. त्यात आजोबांचे डोळे निळे झाले आणि ओठ लाल. एकीने आजोबांनाच काढून तिथे पाळण्यातलं बाळ ठेवलं, 'स्वागत, चिमुकल्या!' सर्वांत जास्त पसंती मिळालेल्या पानात आजोबांच्या नाकावर फुलपाखरू बसलं होतं. ते बहुधा प्रमुखांना खूश करण्यासाठी असावं. खाली: "किती गोड आजोबा!"

माझे आजोबा गोड नव्हते. पोस्टात पत्रांचं वजन करून करून ते माणसांचंही करायला शिकले होते आणि हलकं माणूस त्यांना चालत नसे. त्यांच्या नाकावर काही बसवायची आजीचीही छाती झाली नसती.

रविवारी सकाळी मी घरी होते. आई टेबलापाशी बसून पानं बघत होती. आधी तिला हसू येत होतं. तिच्या मते मावशीची चांगलीच जिरली होती. मग हसू थांबलं. मग ती म्हणाली, "हे काय घातलंय यांनी बाबांच्या ओठांना?"  पुढचं पान आलं, तशी ती उठली, माझा फोन उचलला, मावशीचं नाव शोधलं आणि लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. 

"ऐक," आई म्हणाली. "मी बोलतेय."

पलीकडून आवाज ऐकू येत होता, इतकी घरात शांतता होती. "कळलं."

"बाबांच्या नाकावरचं बघितलंस?"

"बघितलं. त्याची सावलीपण नाही. नाकाला चिकटलेलं भूत वाटतं."

"लिपस्टिक लावलीय त्यांना!"

"आणि उंची कमी केलीय. त्या कबुतरवालीने मान छाटली."

"तू दिलासच कशाला फोटो चारचौघांत?"

"तू गुच्छ लावलास कशाला?"

इथे फोन बंद होणार असं मला वाटलं. आईने टेबलावरचा एक कण बोटाने उचलला. मग म्हणाली, "त्या बाळवालीला मी लिहू की तू लिहितेस?"

"तू लिही. माझ्यावर लक्ष आहे त्यांचं."

पुढचा पाऊण तास दोघींनी साठ पानांचं शवविच्छेदन केलं. मी भाजी निवडली, ती जास्तच निवडली गेली. अश्रू नाहीत, माफी नाही, "झालं गेलं विसरून जा" नाही. दोघी नुसत्या एका बापाची बाजू घेऊन साडेतीनशे बायकांवर चवताळल्या होत्या, आणि इतका आनंद मी आईच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या घराण्यात प्रेम असंच, तिसऱ्यावर तोंडसुख घेऊन व्यक्त होतं.

पंधरा दिवसांनी आई मावशीकडे आठ दिवस राहायला गेली. पोचवायला मी होते. दोघींनी एकमेकींना पाहिलं. मावशी म्हणाली, "तू वाकली आहेस." आई म्हणाली, "तू पांढरी झालीस." एवढं झाल्यावर पिशव्या आत गेल्या.

दुपारी फोटोंचा खोका उघडला. मावशी एकेक फोटो खिडकीपाशी उजेडात धरायची, आई मागे तारीख लिहायची, मी यंत्रावर ठेवायचे. तासभर ठीक चाललं. मग आजोबांचा शेवटच्या वर्षातला फोटो निघाला, सदरा खांद्यावरून लोंबणारा.  आईनेच सुरुवात केली, पण मावशीकडे न बघता.

"त्यांनी आधी मला विचारलं होतं."

मावशीने फोटो खाली ठेवला.

"तुझ्याकडे आले ना, त्याच्या आदल्या दिवशी. मला म्हणाले, काय आहे ते सांग. मी म्हटलं, साधा कफ आहे, औषधाने जाईल. ते 'बरं' म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी उठून तुझ्याकडे गेले." तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं. "त्यांची सेवा मी केली. रात्रंदिवस. आणि विश्वास तुझ्यावर. मला राग कशाचा आला होता माहितीये? तू सांगितलंस त्याचा नाही. त्यांना तुझं पटलं, त्याचा."

अकरा वर्षं मी ज्या भांडणाचं टपाल वाहत होते, त्याचा पत्ताच चुकीचा होता.

मावशीने फोटो उचलून पुन्हा खिडकीकडे धरला. मग म्हणाली, "मला सांगितलं त्यांनी ते. म्हणाले, थोरली खोटं बोलते तेव्हा चष्मा पुसते. म्हणाले, तिला कळू देऊ नकोस मला कळलंय ते. तिला वाटू दे मी फसलोय. तेवढंच तिला बरं वाटेल."

"मग पुढचे चार महिने..."

"चार महिने ते तुझ्यासमोर खोकला औषधाने जातोय असं म्हणायचे. तुझ्यासाठी."

"पण तू त्यांना सांगितलंस हे मला कळलंच की! त्या दिवशी तुझ्याकडे आलेल्या मावसभावाने सांगितलं."

"ते माझं नशीब. बाबांनी मात्र शेवटपर्यंत नाटक सोडलं नाही."

आई रडली. आधी रागाने, मग दुसऱ्या कशाने तरी. मध्येच म्हणाली, "तू हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस, गाढवे?"

"तू विचारलं नाहीस," मावशी म्हणाली. "मी विचारल्याशिवाय सांगत नाही."

साडेतीनशे बायका याच्याशी सहमत झाल्या नसत्या. मावशी उठली, बहिणीसाठी पाणी आणलं, पेला सवयीने खिडकीसमोर धरून पाहिला आणि परत जाऊन दुसरा घासून आणला.

त्या आठ दिवसांत समेट झाला असं कुणी समजू नये. चार वेळा भांडण झालं. एकदा तर आईने पिशवी भरली. आजही आईचं मत आहे की बापाला सांगायला नको होतं, आणि मावशीचं मत आहे की सांगायला हवं होतं. फरक इतकाच की आता हे त्या एकमेकींना रोज सकाळी फोनवर सांगतात आणि माझे दोन्ही खांदे मोकळे आहेत. फुलपाखराने नियमांत चौदाव्याची भर घातली: "सभासदांनी कौटुंबिक वाद व अवयव गटात आणू नयेत."

गेल्या आठवड्यात आईने नवं पान टाकलं. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींचा फोटो, हिरवा कागद, बाजूला लेसची पट्टी. नेहमीचे "अप्रतिम", नेहमीचा "निःशब्द". मग मावशी आली. तीन दोष: लेस वाकडी, कड धूसर, आणि उजवीकडून तिसऱ्या मैत्रिणीला सावलीच नाही, ती तिथे उभी नसून चिकटवलेली वाटते. त्यावर चार-पाच बायका आईच्या बाजूने धावून आल्या. वयाने मोठ्या ताईंशी असं बोलतात का? काही संस्कार? शेवटी फुलपाखरू स्वतः अवतरलं आणि आईला सर्वांसमोर कळवलं, "पिवळा गुलाब ताई, आपली तक्रार असेल तर 'अंधारी खोली' यांना गटातून काढण्यात येईल."

आईने चष्मा चढवला. एका बोटाने, पंधरा मिनिटं लावून, उत्तर लिहिलं:

"तिला कुणी काही बोलायचं नाही. बोलायचं ते मी बोलेन."

आणि मग फोन उचलून बोललीच.